माझं विसरणं आणि समथरच्या मधमाशा

मी विसरायला लागलोय हे सगळ्यात आधी माझ्या मुलीच्या लक्षात आलं, आणि तेही झाशी स्टेशनच्या बाहेर, बॅगा घेऊन उभ्या उभ्या.

ती नोएडाला नोकरी करते. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही म्हणून नंतर येणार होती. फोनवर तिनं वार सांगितला, मी "हो हो, येतो घ्यायला" म्हणालो आणि निश्चिंत झालो. शनिवारी सकाळी मी अंगणात कुंड्यांची माती उकरत बसलो होतो, तर फाटकाशी ऑटो थांबली आणि या बाईसाहेब खाली उतरल्या. नाक लाल, डोळे लाल.

"बाबा, आप आए क्यों नहीं?"

"अगं, तू रविवारी येणार होतीस ना?"

"शनिवार! मैंने दो बार बोला था."

"रविवार म्हणालीस. मला चांगलं आठवतंय."

तेवढ्यात बायको दारात आली. "शनिवारच म्हणाली होती," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर होता. मी तिथंच मेथी निवडत बसले होते."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. राग असता तर मला चाललं असतं. पण राग नव्हता. भिंतीला नवा तडा दिसला की घरातली माणसं न बोलता जसं एकमेकांकडे बघतात, तसं ते बघणं होतं.

मग एकेक प्रकरण बाहेर यायला लागलं. बायकोनं गॅस बंद करायला सांगितला होता, दूध उतू गेलं. शेजाऱ्यांकडच्या पूजेला संध्याकाळी जायचं ठरलं होतं, मी लुंगी नेसून टीव्ही बघत बसलो. आणि वहीचं प्रकरण तर मी स्वतःच विनोद म्हणून सांगत असे. बायकोनं येताना दही आणायला सांगितलं होतं आणि मी आणली वही. चांगली जाड, रेघांची. तिनं ती हातात घेऊन विचारलं होतं, "हिची कढी करू?" तेव्हा आम्ही हसलो होतो. आता मुलीनं हा किस्सा ऐकला आणि ती हसली नाही.

मी का घाबरलो ते सांगायला हवं. माझे वडील मिरजेला असत. शेवटची काही वर्षं त्यांना माणसं ओळखू येत नसत. मी झाशीहून दोन गाड्या बदलून जायचो आणि ते उठून बसायचे, टोपी नीट करायचे आणि अतिशय अदबीनं विचारायचे, "पाहुणे कुठले?" मी म्हणायचो, "झाशीचा." ते म्हणायचे, "लांबून आलात. जेवून जा." त्यांचा आवाज गोड होता, आदरातिथ्यात काही कमी नव्हतं, फक्त मी त्यांचा कोणी नव्हतो. तेव्हापासून माझ्या मनाच्या तळाशी एक धास्ती पडून होती. त्या शनिवारी ती वर आली.

सिविल लाइंसमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. त्यांना सर्दी झाली होती, म्हणून त्यांनी मास्क लावला होता. मास्कमधून ते म्हणाले की तीन वस्तूंची नावं सांगतो, लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. नावं सांगितली. मग रक्तदाब बघितला, गप्पा मारल्या आणि विचारलं, "हाँ जी, बताइए, कौन सी तीन चीज़ें थीं?"

मी आत्मविश्वासानं म्हणालो, "सेव, मेथी, भाजी."

डॉक्टरांनी सांगितलेलं होतं सेब, मेज़, चाबी.

"खाने के शौकीन हैं," डॉक्टर एवढंच म्हणाले. मग त्यांनी समजावलं की एवढ्यावरून काहीच ठरत नाही, रक्त तपासू, गरज पडली तर ग्वाल्हेरला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवू. हे समजावणं मला बायकोनं घरी आल्यावर पुन्हा सांगितलं. तिथं मला फक्त त्यांचा मास्क हलताना दिसला.

मुलगी नोएडाला परत गेली आणि तिच्याकडून मेसेज यायला लागले. बहुतेक मधमाशांचे. मध मेंदूला चांगला, मधमाशांनी गोळा केलेले पराग चांगले, राणीमाशीला खायला घालतात ती रॉयल जेली चांगली, आणि पोळ्याच्या फटी बुजवायला माशा झाडांचा डिंक आणतात तो प्रोपोलिसही चांगला. अशा गोष्टींचा विसराळूपणावर काही उपयोग होतो का, याचा म्हणे कुठं कुठं अभ्यास चाललाय. मी हे सगळं चष्मा पुसून पुसून वाचलं. घाबरलेल्या माणसाला आशा दाखवली की तो तिच्यामागं कसा धावतो, ते माझ्या बायकोला विचारा.

आठवड्याभरात आमचं स्वयंपाकघर म्हणजे पोळं झालं. रॉयल जेलीची इवलीशी बाटली फ्रीजमध्ये लोण्याच्या भांड्याशेजारी बसली. बायको म्हणाली, "झाशीत राहून राणीचं खायचं नाही तर कुणाचं खायचं!" पराग पिवळ्या-केशरी साबुदाण्यासारखे दिसायचे. ते मी पहिल्या दिवशी चमचाभर खाल्ले आणि दुपारपर्यंत शिंकत राहिलो. प्रोपोलिसचा अर्क पाण्यात टाकला की पाणी दुधाळ व्हायचं, पेल्याला तपकिरी कडं पडायचं आणि ते कडं काही केल्या निघायचं नाही. त्याचा वास घेतला आणि मला आनंदानं उडीच मारावीशी वाटली.

"अगं, हा तर वार्निशचा वास! आमच्या कारखान्यातला!"

मी ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात सगळी नोकरी काढली. सुरुवातीची बरीच वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी टाक्या बनवायच्या शॉपमध्ये होतो. तिथं जाड पत्र्यांवर घण पडत, ग्राइंडर किंचाळत, शेजारच्याला बोलवायचं तर खांद्यावर थाप मारावी लागे. पुढं वाइंडिंगकडे, म्हणजे तारा गुंडाळायच्या विभागात, बदली झाली. तिथं वार्निशचा वास असायचा. तो वास मला इतका स्वच्छ आठवत होता, म्हणजे माझी आठवण सुधारायला लागली, असं मी जाहीर केलं.

"जुनं आठवणारच," बायको म्हणाली. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, पुराव्याशिवाय काही मानत नाही. "तुमचे वडीलसुद्धा जुनं सगळं सांगायचे."

मग तिनं माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सकाळचा चहा पिताना टेबलापलीकडे बसून ती मला पाढे विचारायची. साधे पाढे तर सोडाच, पावकी, निमकी, दीडकी, जे आता शाळेतसुद्धा कुणाला माहीत नाहीत, तेही. मी धडाधडा सांगायचो. आदल्या दिवशी काय जेवलो, कोण आलं होतं, दूधवाल्याशी काय बोलणं झालं, सगळं बरोबर. मी टेबलावर हात आपटून म्हणायचो, "बघ! राणीमाशीचा प्रताप!"

आणि तासाभरानं ती ओट्याशी काम करता करता काही सांगायची आणि मी ते साफ विसरलेला असायचो.

तिला हे कोडं सुटेना. मला तर कोडं आहे हेच माहीत नव्हतं.

रक्ताचे रिपोर्ट घ्यायला पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. साखर ठीक, बाकीही ठीक. मी मधाबद्दल विचारलं. ते बराच वेळ मास्कमधून बोलले. मला त्यातलं "शहद", "दिमाग़" आणि "फ़ायदा" एवढं ऐकू आलं आणि मी भरून पावलो. बाहेर पडल्या पडल्या बायकोला म्हणालो, "बघ, डॉक्टरसुद्धा म्हणतात, मेंदूला मधाचा फायदा!"

ते खरं काय म्हणाले होते ते मला पुढं पुष्कळ दिवसांनी कळलं. ते म्हणाले होते की प्रयोगशाळेत, उंदरांवर वगैरे काही चांगलं दिसलंय म्हणतात, पण माणसाच्या दिमाग़ला फ़ायदा होतो असं अजून कोणी ठामपणे सांगू शकत नाही. शहद खा, छान चीज आहे, पण औषध समजून नको. आणि फिरायला जा, झोप नीट घ्या, चार माणसांत बोला. बायकोनं तेव्हा मला दुरुस्त केलं नाही. तिला वाटलं, घाबरलेला माणूस आहे, सोयीचं तेवढं ऐकतोय, ऐकू दे.

या फायद्याच्या धुंदीत मला नवीनच शंका आली. आपण खातोय तो मध खरा आहे का? मानिक चौकातल्या एका गल्लीत जडीबुटी विकणारे एक म्हातारे पंसारी आहेत. त्यांच्याकडे जाऊन मी बाटली पुढं केली. त्यांनी ती उजेडात धरली, हलवली आणि हात वर करून मोठ्यानं सांगितलं, "असली चाहिए तो समथर निकल जाइए, बाबूजी. सरसों फूली है, खेतों में डिब्बे लगे हैं. आँख के सामने निकलवाइए."

ते मोठ्यानं बोलले म्हणून मला कळलं. त्याच आठवड्यात आम्ही समथर या गावाला जायला आमची जुनी गाडी काढली.

माघातली सकाळ होती. वाटेतल्या मोठ गावापर्यंत धुकं होतं, मग ते एकदम उचललं गेलं आणि दोन्ही बाजूंना सरसोंची, म्हणजे मोहरीची, शेतं उघडी पडली. इतका पिवळा रंग मी कारखान्यातून घरी आणि घरातून कारखान्यात जाताना कधी बघितलाच नव्हता. बायकोनं काच खाली केली. आम्ही दोघं उगाचच हसत होतो. तिनं डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या आणि निम्म्या वाटेतच संपल्या.

समथरच्या अलीकडे शेताच्या कडेला निळ्या-पांढऱ्या पेट्या मांडलेल्या दिसल्या. त्यांची मालकीण एक दणकट बाई होती, चाळिशीची, साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवलेला. तिनं आम्हाला बघताच ओळखलं की शहरातून मधासाठी आलेली वेडी माणसं. "काए बाबूजी, डरात तो नइयाँ?" तिनं विचारलं, म्हणजे घाबरत तर नाही ना. मी म्हणालो, "नहीं." तिनं आम्हा दोघांना जाळीच्या टोप्या घातल्या, स्वतः घातली, आणि धुराचं डबडं घेऊन पेटीकडे निघाली.

इथून पुढं मी जे केलं ते मला बायकोनं सांगितलंय. बाई म्हणाली, "इतै ठाड़े रओ," म्हणजे इथं उभे राहा. मी चालत राहिलो. ती म्हणाली, "पाछें हटो." मी पुढं सरकलो. ती म्हणाली, "हात नैं लगाइयो," आणि मी पेटीच्या झाकणावर हात ठेवला. माझ्या दृष्टीनं मी अत्यंत शिस्तीत वागत होतो. जाळीमागं तिचं तोंड मला नीट दिसत नव्हतं, त्यामुळं ती काही बोलतेय हे मला ठाऊक नव्हतं.

तिनं झाकण उघडलं. आत चौकटी उभ्या लावलेल्या होत्या. तिनं एक वर काढली तर ती माशांनी कडेपर्यंत भरलेली, सगळी हलणारी, चमकणारी. मी इतका हरखलो की वाकून अगदी जवळ गेलो. माशा माझ्या जाळीवर बसल्या, नाकासमोर फिरल्या. बाईनं माझ्या दंडाला हात लावला आणि जाळीजवळ तोंड आणून सांगितलं, "सुनो बाबूजी, कैसी गूँज रईं!"

मी "सुनो" ऐकलं. कान लावला. आणि भारावून बायकोला म्हणालो, "किती शांत प्राणी आहेत गं! एवढ्या हजारो असतील, पण हूं की चूं नाही!"

बायको माझ्यापासून बरीच मागं उभी होती. ती सांगते की तिथं इतका घुमारा होता की तिला जाळीतून कानात बोटं घालावीशी वाटत होती. तिनं मालकिणीकडे पाहिलं, मालकिणीनं तिच्याकडे पाहिलं.

ती माझ्या पाठीमागं आली आणि तिनं नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो, तुमच्या पँटमध्ये मधमाशी शिरलीय."

मी सरसोंकडे बघत उभा.

"दोन शिरल्या."

मी आकाशाकडे बघितलं. हवा छान होती.

"मला तुमच्याशी लग्नच करायचं नव्हतं," ती म्हणाली. "सांगलीच्या त्या वकिलाशी करायचं होतं."

मला तेव्हा पाठीमागं कुणी तरी आहे असं वाटलं, म्हणून मी मान न वळवता सवयीनं म्हणालो, "हो, हो."

मी वळलो तेव्हा ती बांधावर बसली होती, जाळीची टोपी एका बाजूला कलंडलेली, दोन्ही हात पोटावर, आणि सगळी गदागदा हलत होती. तिच्या शेजारी ती दणकट बाईही जमिनीवर बसलेली. मला वाटलं, डंख बसला. मी धावलो. "कुठं चावली? डोळ्याला का?"

बायकोनं आपली टोपी काढली, माझी टोपी काढली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अख्ख्या समथरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "तुम्ही विसरत नाही! तुम्ही बहिरे आहात!"

"काय?"

"बहिरे! बहिरे आहात तुम्ही!"

आणि मग तिनं गणिताच्या बाईसारखं सगळं मांडलं, डोळ्यांतून पाणी गळत असताना. "मी समोर बसले की तुम्हाला सगळं आठवतं. पाठ फिरवली की विसरता. मास्कमधून बोललेलं विसरता. फोनवर बोललेलं विसरता. जाळीतून बोललेलं विसरता. अहो, आठवण अशी तोंड बघून येते-जाते का? तुम्ही ओठ वाचताय! कधीपासून वाचताय देव जाणे!"

मी तिच्या ओठांकडे बघत होतो. खरंच मी तिच्या ओठांकडे बघत होतो.

माझ्या छातीवरून एखादी टाकी क्रेननं उचलावी तसं काही उचललं गेलं. जगात कुणाला बहिरेपणाची बातमी ऐकून इतका आनंद झाला असेल असं मला वाटत नाही. मी त्या बांधावर नाचलो. अक्षरशः नाचलो, गुडघे दुखतात तरी. "मी बहिरा आहे!" मी सरसोंला सांगितलं. मालकीणबाई टाळ्या वाजवत म्हणाली, "जे तो बड़ी खुसी की बात है," आणि आम्हाला ताजा मध चाखायला दिला. सरसोंचा मध, थंडीत तुपासारखा थिजतो. आम्ही तो बोटांनी खाल्ला आणि बरण्या भरून घेतल्या.

परतीच्या वाटेवर मी मुलीला फोन लावला.

"अगं, आनंदाची बातमी! मी बहिरा आहे!"

ती पलीकडून काही तरी म्हणाली.

"काय म्हणतेय?" मी बायकोला विचारलं.

"ती 'क्या?' म्हणतेय," बायको म्हणाली. "आता घरात दोन झाले."

दुसऱ्याच दिवशी आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टर होते. त्यांनी माझ्या कानात बत्ती घालून पाहिलं, मग दुसऱ्या कानात पाहिलं, आणि मला कागदावर लिहून दाखवावं लागू नये म्हणून ओरडून विचारलं, "कान में क्या डालते हैं आप?"

मी सांगितलं की जडपणा वाटतो म्हणून सरसोंचं तेल घालतो आणि कधी कधी स्कूटरच्या किल्लीनं खाजवतो.

डॉक्टरांनी डोळे मिटले. "दोनों कान वैक्स से ठसाठस भरे हैं."

झालं. बायको पुन्हा हसत सुटली. डॉक्टर गोंधळून तिच्याकडे बघू लागले. तिला श्वास घेता येईना. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "डॉक्टर साहब, मधुमक्खी का शहद खिलाया, पराग खिलाया, गोंद पिलाया... एक मोम ही बचा था, वो इन्होंने घर में बना लिया!"

कोमट पाण्याची पिचकारी मारून त्यांनी एकेक कान मोकळा केला. बाहेर काय आलं त्याचं वर्णन करत नाही, आपण जेवत असाल. पण दुसरा कान उघडला त्या क्षणी खोलीतल्या हीटरचा पंखा सुरू झाला. म्हणजे तो आधीपासून सुरूच होता. माझा शर्ट खरखर वाजला. बायकोच्या बांगड्या वाजल्या. मी इतक्या दिवसांत त्या बांगड्या फक्त बघत होतो.

मळ गेला तरी सगळं आलं नाही. यंत्रावर तपासल्यावर कळलं की बारीक, उंच आवाज मला फार कमी येतात. डॉक्टरांनी विचारलं, नोकरी कुठं होती? मी घणांचं आणि ग्राइंडरचं सांगितलं. "तो फिर वही," ते म्हणाले. ते तेव्हाच झालेलं होतं, वयानं थोडं वाढवलं, आणि माझ्या तेलानं नि किल्लीनं शेवटचं दार लावलं. त्यांनी कानामागं बसणारी दोन छोटी यंत्रं दिली आणि एक गोष्ट नीट समजावली, जी या वेळी मी स्वतः ऐकली. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणं टाळतो, माणसांतून उठून जातो, आणि तसं एकटं पडणं डोक्यालाही चांगलं नाही. तेव्हा मशीन डब्यात ठेवू नका, कानात ठेवा.

मी ती लावून बाहेर आलो आणि सिविल लाइंसच्या रस्त्यावर थबकलो. सुकलेली पानं रस्त्यावरून सरपटत जात होती, त्यांचा आवाज येत होता. कुठं तरी चिमण्या भांडत होत्या. शेजारून सायकल गेली तिची साखळी टकटकत होती. मी बायकोचा हात धरून प्रत्येक आवाजाला "हे काय?" विचारत होतो आणि ती एखाद्या लहान मुलाला सांगावं तशी सांगत होती. "तो कढईत झारा आपटतोय. ते मांजर आहे. ते तुमचेच बूट वाजतायत."

आमच्या जुन्या डॉक्टरांकडे परत गेलो तेव्हा त्यांची सर्दी बरी झाली होती. त्यांनी नवीन तीन नावं सांगितली. मी तीही सांगितली आणि वर मागची "सेब, मेज़, चाबी" फुकटात सांगितली. ते खूप हसले. मग गंभीर होऊन म्हणाले की आज काही काळजीचं दिसत नाही, पण दरवर्षी दाखवत जा. वडिलांचं त्यांना माहीत होतं. मलाही माहीत आहे. उद्या काय होईल ते कुणी लिहून दिलेलं नाही, आणि त्यावर मधमाशांचं औषध आहे असं आता मी कुणाला सांगत फिरत नाही. मध मात्र खातो. पोळीवर तूप आणि त्यावर समथरचा मध, याला कुठल्या आजाराचं निमित्त कशाला हवं? पराग शेजाऱ्यांना दिले, त्यांना शिंका येत नाहीत. प्रोपोलिसच्या बाटलीचं बूच असं चिकटलं की ती उघडायला आता माशाच बोलवाव्या लागतील.

घरात थोडे दिवस युद्धाचा प्रसंग होता. इतकी वर्षं माझ्या पाठीमागं मोकळेपणानं बोलायची बायकोला सवय लागली होती. मी पंख्याचं बटन चुकीचं दाबलं की ती ओट्याकडं तोंड करून म्हणायची, "इंजिनिअर म्हणे." मी इकडून विचारायचो, "काय म्हणालीस?" ती दचकायची. एकदा वैतागून म्हणाली, "छे! या घरात आता स्वतःशीसुद्धा बोलायची सोय राहिली नाही." सांगलीच्या वकिलाबद्दलही मी सविस्तर चौकशी केली. असा कुणी वकील नव्हता, असं ती अजून म्हणते. पण म्हणताना हसते.

होळीला मुलगी आली. या वेळी मी स्टेशनवर गाडीच्या आधी हजर होतो. घरी आल्यावर मी गादीवर पडून डोळे मिटले होते आणि स्वयंपाकघरातून दोघींचं बोलणं येत होतं. आधी माझ्या लक्षात आलं नाही, मग मी उठूनच बसलो. मुलगी मराठीत बोलत होती. आमच्या इथं झाशीत वाढलेल्या बहुतेक मराठी घरांतल्या मुलांप्रमाणे तिलाही मराठी फक्त समजते, ती बोलत नाही, असं मी धरून चाललो होतो. माझ्याशी ती कित्येक वर्षं हिंदीतच बोलायची.

मी दारात जाऊन उभा राहिलो. "तू मराठी बोलतेस?"

ती लाजली. "आईशी बोलते ना. तुमच्याशी बोलायची मी, लहानपणी. मग तुम्ही प्रत्येक वाक्याला 'काय? काय?' करायला लागले. मला वाटलं, माझी मराठी इतकी ख़राब आहे की बाबांना समजतच नाही. म्हणून हिंदी."

बायको पुरण वाटत होती, ती थांबली. मी एवढंच म्हणालो, "तुझी मराठी उत्तम आहे."

"झूठ," ती म्हणाली.

आणि मग तिची मराठी धो धो सुरू झाली. संध्याकाळपर्यंत ती बोलत होती, ऑफिसचं, घरमालकाचं, मेट्रोतल्या भांडणाचं, आणि कुठलाच शब्द आपल्या लिंगात राहायला तयार नव्हता. तिचा पंखा तुटली होती, तिचं भाजी जळला होता, आणि तिच्या मैत्रिणीनं तिला एक मोठा गोष्ट सांगितला होता. गणिताच्या बाई मधे मधे सुधारायला तोंड उघडत होत्या, मी डोळ्यांनी दटावत होतो. मला त्यातली प्रत्येक चूक स्पष्ट ऐकू येत होती. एकही सुटू नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात रंग लागलेले कपडे वाळत घालत होतो, तेव्हा ती आतूनच ओरडली, "बाबा, चहा ठेवली आहे! गरम आहे तोपर्यंत पिऊन घ्या!"

"आलो," मी ओरडलो. "तिच्यावर झाकण ठेव!"